भाजीची वाटी

डिंडोली, सुरत
१४ मे २०२४

योगिता,

वरती आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, तो लिहिला असं समज. फोनच करणार होते, पण फोनवर माझा आवाज चढतो, मग तू रडतेस, आणि मग गजेंद्र मला म्हणतो, ताई, तू तिला का बोललीस. भाऊ माझा, पण बाजू बायकोची. असो.

पारोळ्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे पिशवी दिली आहे, तीत मायचे कपडे आहेत. आखाजीच्या सणापुरती मी तिला आणली होती; सण झाल्यावर परतीच्या गाडीत चढले, तेव्हा तीच पिशवी माझ्या खांद्यावर होती आणि माय तुझ्या पायरीवर उभी होती. "मी आठेच र्‍हास," म्हणाली. इथेच राहते! सुरत येईपर्यंत पिशवी मी मांडीवर ठेवली. शेजारची बाई म्हणाली, "बेन, नीचे मूकी दो ने." मी नाही ठेवली.

साडेतीन वर्षं माय माझ्याकडे होती. बाबा गेले तेव्हा तुझी लेकरं लहान, तुला वेळ नव्हता, म्हणून मी घेऊन आले. इथे कळलं की तिला काचबिंदू आहे. दुखत नाही, खुपत नाही, नुसतं बाजूबाजूनं दिसणं कमी होत जातं. डावा डोळा बराचसा गेला तरी तुमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले, "माजी, गयुं ते गयुं, हवे बाकीनुं साचववानुं." गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. ते मी सांभाळलं. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम बाजूला सारून रोज रात्री नऊला डोळ्यांत थेंब घातले, एक दिवस चुकू दिला नाही. आणि तू चार दिवस खापरावरच्या पुरणपोळ्या वाढल्यास, नवं लुगडं नेसवलंस, की झालीस गुणाची सून.

थर्मासमध्ये बर्फात औषधाच्या दोन बाटल्या आहेत. फ्रिजमध्ये ठेव. रात्री नऊला दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. बाकी तू बारावी शिकलेली आहेस, मी सातवी नापास. मी तुला काय सांगणार.

ही चिठ्ठी मायला वाचून दाखवू नकोस.

वत्सला


पारोळा
३ जून २०२४

ती. वत्सलाताई,

नमस्कार तर मी मनापासून करते, तुम्ही आशीर्वाद उधार ठेवला तरी.

पिशवी मिळाली. कपड्यांच्या घड्या इतक्या कडक होत्या की आत्याबाईंनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "हाई वत्सलानी घडी शे." दिवसभर ती साडी उलगडू दिली नाही. माझ्या घड्या तशाच कपाटात होत्या, त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

ताई, तुम्हाला वाटतं मी तुमची माय पळवली. तुम्हाला एक सांगते. लग्न होऊन चौदा वर्षं झाली, पण ह्या घरात मी तुमच्या सावलीतच राहिले. वत्सलाची भाकरी अशी पातळ, वत्सलाचा हात असा हलका. आत्याबाई सुरतेला गेल्या तेव्हा गावातल्या बायका मला तोंडावर म्हणाल्या, सुनेनं सासूला लेकीच्या दारात पाठवलं. त्या बायका तुम्हाला दिसल्या नाहीत, मला रोज पाणी भरताना भेटत होत्या. आता आत्याबाई माझ्या ओट्यावर बसतात आणि त्याच बायका येऊन पाय दाबतात. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण एक गोष्ट मनाला लागते. त्या माझ्या हातची भाजी खात नाहीत. भाकरी खातात, भात खातात, वाटीतली भाजी जशीच्या तशी. वांग्याचं भरीत केलं, शेवभाजी केली, डुबुकवड्या केल्या, वाटी तशीच उचलते. विचारलं तर म्हणतात, "पोट भरनं." काल मी वाटी घेऊन मोरीत गेले आणि रडले. तुम्ही काय घालत होतात भाजीत? कृपा करून सांगा. मला तुमच्याकडून काही मागायला आवडत नाही, तरी मागते.

ह्यांचा नमस्कार.

तुमची
योगिता


डिंडोली
१२ जून २०२४

योगिता,

तुझी चिठ्ठी मी दोनदा वाचली आणि खरं सांगते, दुसऱ्यांदा चहा करून घेऊन वाचली. हिलालला पण वाचून दाखवली. नवऱ्याला माझ्या असल्या गोष्टीत रस नसतो, यंत्रमागाच्या खात्यातून बारा तास राबून आलेला माणूस, तरी म्हणाला, "मायला तुझ्या हाताची सवय आहे." मग मी त्याला जास्तीचा पापड तळला.

मी भाजीत काय घालते? तेल, मीठ, मसाला. तू जे घालतेस तेच. चव हाताला असते, ती पाकिटातून पाठवता येत नाही. तुझ्याकडे पाय दाबायला गाव आहे, माझ्याकडे निदान भाजी राहू दे.

माय फोनवर हसत होती. मागे लेकरांचा दंगा चालला होता. तिला म्हटलं, डोळे कसे आहेत, तर म्हणे झकास. इथे असताना कधी झकास म्हणाली नाही. इथे म्हणायची, थेंब टाकून टाकून काय मिळालं, जास्त तर काही दिसत नाही. मी म्हणायची, माय, जास्त दिसायला नाही, आहे ते जाऊ नये म्हणून. रोज तेच भांडण. आता भांडायला कुणी नाही. नऊ वाजले की माझा हात आपोआप फ्रिजकडे जातो.

वत्सला


पारोळा
२० जुलै २०२४

ती. वत्सलाताई,

भाजीचं तुम्ही सांगितलं नाहीत. ठीक आहे. मी आता भाजी भाकरीवरच वाढते आणि त्या खातात. म्हणजे चव माझ्या हाताला पण आहे.

आत्याबाईंची तब्येत उत्तम आहे. तुमच्याकडे असताना त्यांचे डोळे लाल असायचे, चुरचुर करायचे. इथे आल्यापासून स्वच्छ पांढरे झाले, शेजारच्या अनुसयाकाकू पण म्हणाल्या. हवेचा फरक असेल, नाहीतर हाताचा.

आणि थेंब त्या आता स्वतःच्या हातानं टाकतात. सुरुवातीला मी टाकत होते, पण त्यांना स्वतः करायचं होतं. रात्री नऊला बाटली घेऊन खोलीत जातात, पाच मिनिटांनी डोळे पुसत येतात आणि म्हणतात, "टाकं वं मी." तुम्ही त्यांना साडेतीन वर्षं पांगळं करून ठेवलं होतं ताई, राग मानू नका. म्हाताऱ्या माणसाला आपल्या हातानं काही करू दिलं की बळ येतं.

बाटली पाठवायची घाई करू नका. तुम्ही पाठवलेल्या दोनपैकी पहिलीच अजून अर्ध्याहून जास्त आहे. तुमच्याकडे दर महिन्याला एक लागायची म्हणे. जपून वापरलं की पुरतं.

तुमची
योगिता


डिंडोली
२८ जुलै २०२४
(लिहिलेली, न पाठवलेली)

योगिता,

ही चिठ्ठी मिळाल्याबरोबर मायला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. सव्वादोन महिन्यांत बाटली अर्धी राहूच शकत नाही. एका महिन्यात ती संपते, नाही संपली तरी फेकून द्यायची असते. माय थेंब टाकत नाही. तिचा हात कापतो, तिला बाटलीचं टोक दिसत नाही. ती खोलीत जाऊन नुसती बसते. डोळे लाल नाहीत कारण औषधच जात नाही. आणि भाजीची वाटी


डिंडोली
२८ जुलै २०२४

योगिता,

बाटली पुरते आहे हे चांगलं. तू जपून वापरणारी आहेस, कौतुक वाटलं.

मी मायला पांगळं केलं होतं, हे मला माहीत नव्हतं. आता कळलं.

इकडे सगळं ठीक. पुढची बाटली लागली की माग. मागितल्याशिवाय मी पाठवणार नाही.

वत्सला


पारोळा
९ सप्टेंबर २०२४

ती. वत्सलाताई,

फोनवर ह्यांनी तुम्हाला एवढंच सांगितलं की आत्याबाई पडल्या आणि मनगट मोडलं. बाकीचं मी लिहिते, कारण बाकीचं माझ्याकडून झालं आहे.

पोळ्याच्या संध्याकाळी बैलजोडी दारात आली. आत्याबाई पूजेचं ताट घेऊन पायरीवर उभ्या होत्या. समोरच्या बैलाला त्यांनी कुंकू लावलं, पुरणपोळी दिली. दुसरा बैल त्यांच्या डाव्या हाताला, अगदी खेटून उभा होता, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि त्या वळल्या त्या थेट त्याच्या अंगावर. एवढं जनावर, ताई! बैल बिचारा दचकून मागे सरला आणि आत्याबाई तीन पायऱ्या खाली. मी ओरडले, "आत्याबाई, बैल नाही का दिसला?" तर जमिनीवर पडल्या पडल्या म्हणतात, "कोनता बैल?"

धुळ्याला हात बांधला आणि तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यातलं प्रेशर चौतीस निघालं, वीसच्या आत हवं असतं. यंत्रात डोकं ठेवून, दिवा दिसला की बटण दाबायची ती तपासणी केली. डाव्या डोळ्याच्या वेळी बटण वाजलंच नाही. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते, आता वाजेल, आता वाजेल. उजव्या डोळ्यानं मधोमध दिसतं, ताटाएवढं. त्याच्या बाहेर काही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, औषध कधीपासून बंद आहे? मी तडकले. म्हटलं, एक दिवस बंद नाही. ते म्हणाले, बाटली दाखवा. मी मोठ्या ऐटीत पर्समधून काढली. मे महिन्यात उघडलेली बाटली, सप्टेंबरात. त्यांनी ती हातात घेऊन हलवली आणि माझ्याकडे बघितलं. त्या खोलीत मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी सांगितलं. आठ दिवस माझ्याकडून थेंब घेतले, मग टाकलेच नाहीत. म्हणाल्या, "अंडेरना घर मी रोगी बनीसन र्‍हायनू. पोरना घर मले सासू बनीसन र्‍हावानं व्हतं." लेकीकडे रोगी म्हणून राहिले, लेकाकडे तरी सासू म्हणून राहायचं होतं. त्यांना भीती होती, मी कंटाळले की परत सुरतेच्या गाडीत बसवीन.

आता माझं पाप ऐका. आठव्या दिवशी मी थेंब टाकत असताना त्या म्हणाल्या, "वत्सलाना हात हलका शे." एवढंच. माझ्या अंगाला मिरच्या झोंबल्या. बाटली त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, मग तुम्हीच टाका. तुम्हाला लिहिताना मी त्याचं "त्यांना स्वतः करायचं होतं" असं केलं.

मला तुमचा राग येतो ताई, पण एक कबूल करते. ही चूक तुमच्या घरी झाली नसती. तुम्हाला जरा जरी कळलं असतं, तर तुम्ही लगेच सांगितलं असतं.

योगिता


डिंडोली
२४ सप्टेंबर २०२४

योगिता,

तुझं शेवटचं वाक्य मी दहा दिवस वाचते आहे.

मला कळलं होतं. सोबत एक जुना कागद आहे, त्यावरची तारीख बघ. त्याच दिवशी तुला दुसरी चिठ्ठी गेली, गोड गोड. हा कागद साड्यांच्या खोक्यात पडून होता. अर्ध्यात थांबले कारण वाटलं, आत्ता सांगितलं तर ती सुधारेल, आणि माय तिथेच राहील. वाटलं, थोडं बिघडू दे. थोडंसंच. मग गजेंद्रचा फोन येईल, ताई, तुझ्याशिवाय जमत नाही, मायला घेऊन जा. मी रोज त्या फोनची वाट बघत होते. तो आला आणि त्यात माय पडली होती.

तू हट्टानं केलंस, तुला माहीत नव्हतं. मी माहीत असून केलं. मायच्या डाव्या डोळ्यात जे उरलं होतं, ते माझ्यामुळे गेलं.

भाजीचंही ऐक. तुझ्या हातची भाजी मायला आवडत नव्हती असं कधीच नव्हतं. वाटी ताटाच्या डावीकडे ठेवलीस तर ती तिला दिसतच नाही. माझ्याकडे पहिल्या वर्षी असंच झालं होतं, मीही रुसले होते. मग एक दिवस वाटी चुकून समोर राहिली आणि मायनं पुसून खाल्ली. तू जूनमध्ये विचारलंस तेव्हा मला हे तोंडपाठ होतं. मी चहा पीत बसले.

आता सगळं लिहिते, काही ठेवत नाही. हात धू. तिला वर बघायला सांग, खालची पापणी बोटानं ओढ, त्या खोबणीत एकच थेंब. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नको. मग डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धर, नाहीतर औषध घशात उतरतं. ती दोन मिनिटं तिच्याशी काही बोल, तिला आवडतं. बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिही, महिना झाला की फेक. डोळे लाल होतील, होऊ दे, फार झाले तर डॉक्टरांना विचार, पण आपल्या मनानं बंद करू नको. पायरीच्या कडेला पांढरा पट्टा मार. खोलीत दिवा ठेव. बोलायला जाशील तेव्हा समोरून जा, बाजूनं हात लावलास तर दचकते. आणि वाटी ताटात, अगदी समोर ठेव. जेवण सुरू होताना तिचा हात धरून एकदा वाटीला लाव. मग ती तुझ्याकडे बघून जेवते.

आणखी एक. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की हे रक्तातून येतं, सख्ख्या लेकरांनी तपासून घ्यावं. मी गजेंद्रला सांगितलं नाही. मी स्वतःही गेले नाही. त्याला घेऊन जा.

मायला घेऊन जाते असं मी आता म्हणणार नाही. ते म्हणायचं तोंड मला राहिलं नाही. ही चिठ्ठी तिला वाचून दाखवायची की नाही, ते तू ठरव.

वत्सला


पारोळा
१८ ऑक्टोबर २०२४

ताई,

तुमची चिठ्ठी आणि तो अर्धा कागद वाचून मी आधी तुम्हाला शिव्या दिल्या, मोठ्यानं, मोरीत उभी राहून. मग ह्यांना घेऊन धुळ्याला गेले. ह्यांचं प्रेशर काठावर आहे, सहा महिन्यांनी परत बोलावलं. तुम्हीही तपासून घ्या.

चिठ्ठी आत्याबाईंना वाचून दाखवावी असं मला चार वेळा वाटलं. त्यांना आता स्वतःला वाचता येत नाही, सगळं मीच वाचते. हा कागद वाचला असता तर साडेतीन वर्षांचा तुमचा हलका हात एका मिनिटात पुसला गेला असता आणि त्या कायमच्या माझ्या झाल्या असत्या. चौथ्यांदा तर मी चष्मा लावून त्यांच्यासमोर बसले. त्यांनी विचारलं, "वत्सलानी चिठ्ठी शे का? काय म्हनस ती?" मी म्हटलं, बरी आहे, तुमची आठवण काढते. आणि कागद ब्लाउजमध्ये घातला.

रोज रात्री नऊला मीच थेंब टाकते. कोपरा दाबून धरते. त्या दोन मिनिटांत त्या मला तुमच्या लहानपणच्या गोष्टी सांगतात. मला अजून जळायला होतं, सांगून ठेवते, पण मी बोट काढत नाही. महिन्यानं प्रेशर अठरा आलं.

परवा तुम्ही लिहिलं तसं केलं. वाटी ताटात समोर ठेवली, त्यांचा हात धरून तिला लावला. त्या एकदम थांबल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हाई तुले वत्सलानी शिकाडं ना?"

मी हो म्हटलं.

घास हातातच राहिला. मग म्हणाल्या, "तिले तं हाई आधीपासून मालूम व्हतं. मंग इतला दिन काब्र नई सांगं तिनी?"

मी भाकरी आणायला उठले. इतके दिवस का सांगितलं नाही, हे आता जेवायला बसल्या की रोज विचारतात. उत्तर माझ्याजवळ आहे, अजूनही ब्लाउजमध्येच ठेवते, पण ते मी देणार नाही. भाऊबीजेला या. ताट मी वाढीन. त्यांचा हात वाटीला तुम्ही लावा आणि त्यांनी विचारलं की तुम्हीच सांगा.

योगिता